बडीशेपेची वेळ

गिऱ्हाईक उठवणं ही एक कला आहे आणि ती मला येते. ताटं वाढायला कोणीही शिकतं. पण पोट भरलेल्या माणसाला खुर्चीतून उठवायचं, तेही त्याला कोणी उठवलंय असं न वाटू देता, हे शंभरात एखाद्याला जमतं. आमच्या हॉटेलात सोळा टेबलं आहेत आणि शनिवारी दुपारी दारात दहा माणसं ताटकळत असतात. अशा वेळी मालक गल्ल्यावरून नुसती मान हलवतात आणि बाकीचं मी बघतो.

आधी पाण्याचा ग्लास भरणं बंद करायचं. मग फडकं घेऊन शेजारचं टेबल पुसायला लागायचं, जरा जोर लावून. तरी माणूस हलला नाही तर बडीशेपेची वाटी आणून समोर ठेवायची. बडीशेप आली की जेवण संपलं, हे लहान मुलालाही कळतं. एखादा त्यालाही दाद देत नाही. त्याच्यासाठी शेवटचा उपाय म्हणजे डोक्यावरचा पंखा बंद करायचा. माणूस वर बघतो, मग घड्याळाकडे बघतो आणि उठतो. सत्तावीस वर्षांत पंखा कधी फुकट गेलेला नाही.

ही कला वापरून मी दोन सख्ख्या भावांना सहा वर्षं एकमेकांना भेटू दिलं नाही. त्यांच्या भल्यासाठीच केलं, असं मी आजवर छाती काढून सांगत होतो. आता ते सांगायला मला तोंड राहिलेलं नाही.

दोघं शिंपी. एकाच दुकानात बसायचे. थोरला कापायचा आणि धाकटा शिवायचा. मी त्यांना मोठे मास्तर आणि छोटे मास्तर म्हणायचो, आणि मी वेटरांचा मुख्य, म्हणून ते मला सगळ्यांसारखंच कॅप्टन म्हणायचे. शनिवारी अर्धा दिवस दुकान बंद करून साडेबाराला आमच्याकडे जेवायला यायचे. टेबल ठरलेलं, खिडकीजवळचं नऊ नंबर. ऑर्डरही ठरलेली. पहिल्यांदा टोमॅटो सूप, वन बाय टू. म्हणजे एकच सूप, दोन वाट्यांत अर्धं अर्धं. पुढे डाळ, रोटी, एखादी भाजी, दही. सूप आलं की मोठे मास्तर दोन्ही वाट्या समोरासमोर धरून कोणती जास्त भरली आहे ते बघायचे आणि जास्तीची भावाकडे सरकवायचे. छोटे मास्तर ती परत त्यांच्याकडे ढकलायचे. हा खेळ दर शनिवारी चालायचा. मला हसू यायचं आणि वैतागही यायचा, कारण त्यात सूप निवायचं आणि मग गरम करून आण म्हणून मलाच पिटाळायचे.

भांडण झालं तेही नऊ नंबरवरच. त्या दिवशी त्यांच्याबरोबर त्यांचं एक जुनं गिऱ्हाईक जेवायला होतं. त्या माणसाचा कोट बिघडला होता, खांद्यात ओढत होता. चूक कापण्यात होती की शिवण्यात, ते देव जाणे. पण मोठ्या मास्तरांनी रोटी मोडता मोडता त्या परक्या माणसासमोर म्हटलं, "याच्या हाताला सफाई नाहीच. तीस वर्षं मी सांभाळून घेतोय." छोटे मास्तर ताटातला घास तसाच ठेवून उठले, हात धुतले आणि बाहेर पडले. पुढच्या महिन्यात त्यांनी दोन गल्ल्या सोडून स्वतःचं दुकान टाकलं. तेव्हापासून थोरल्याला शिवणारा माणूस ठेवावा लागला आणि धाकट्याला कापणारा. दोघांच्याही कपड्यांची रया गेली, हे अख्ख्या बाजाराला माहीत होतं.

त्या दिवशी अर्धं हॉटेल माना वळवून बघत होतं. मालकांनी मला बोलावून सांगितलं, हे दोघं परत समोरासमोर आले आणि तमाशा झाला तर तू जबाबदार. मी म्हटलं, निर्धास्त राहा.

मोठे मास्तर पुढच्याच शनिवारी एकटे आले, साडेबाराला, आणि नऊ नंबरवर बसले. छोटे मास्तर दोन महिने फिरकले नाहीत. मग एक दिवस एकच्या सुमाराला दारात उभे दिसले. मी लगबगीनं पुढे गेलो आणि हळूच सांगितलं, आत मोठे मास्तर आहेत, तुम्ही दीडला या, निवांत जागा देतो. त्यांनी माझ्या खांद्यावरून आत पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग मान हलवून निघून गेले आणि दीडच्या ठोक्याला परत आले. तोवर मी थोरल्याला बडीशेप देऊन वाटेला लावलं होतं. छोट्या मास्तरांनी विचारलं, नऊ मोकळं आहे का. मी म्हटलं, राखीव आहे. तिथं बसून त्यांना जुनं आठवायला नको, म्हणून मी त्यांना खांबाआडच्या अकरा नंबरवर बसवलं. स्वतःच्या शहाणपणाचं मलाच कौतुक वाटलं.

अशी घडी बसली. एक उठायचा, दहा मिनिटांनी दुसरा बसायचा. दोघंही मला एकच प्रश्न विचारायचे. मोठे मास्तर विचारायचे, "तो येतो का रे अजून?" आणि छोटे मास्तर विचारायचे, "ते येऊन गेले का?" मी दोघांनाही धीर द्यायचो, की काही काळजी करू नका, तुमची गाठ पडणार नाही, मी आहे ना. दोघंही यावर "बरं" म्हणायचे. त्या "बरं"मध्ये काय होतं ते मी कधी ऐकलंच नाही. मला वाटलं, आभार आहेत.

घरी मी हे बायकोला रंगवून सांगायचो. ती एकदा भाजी निवडता निवडता म्हणाली, "पण भेटवू नका असं त्यांच्यापैकी कोणी सांगितलंय का तुम्हाला?" मी म्हटलं, हॉटेलातलं तुला काय कळतंय. ती परत भाजीकडे वळली आणि मी जिंकलो असं समजून जेवलो.

मोठे मास्तर एकटे आले तरी सूप वन बाय टूच मागवायचे. दोन वाट्या. एक स्वतःपुढे आणि एक समोरच्या रिकाम्या खुर्चीपुढे. मला वाटलं, म्हाताऱ्याची सवय आहे, तोंडातून निघून जातं. दुसरी वाटी भरलेलीच परत जायची आणि आचारी माझ्यावर उखडायचा. माझ्या सुपाला काय झालंय ते त्याला विचारून ये, म्हणायचा. शेवटी मीच मोठ्या मास्तरांना सुचवलं, की एकच अर्धी वाटी आणत जातो, फुकट कशाला घालवायचं. ते माझ्याकडे बघत राहिले आणि म्हणाले, "मागतो ते आण." मला राग आला. चांगलं सांगायला जावं तर हे असं.

चौथ्या वर्षी आणखी एक ताप सुरू झाला. दोघंही आपापली वेळ सरकवायला लागले. छोटे मास्तर दीडऐवजी एक पंचवीसला यायला लागले, मग एक वीसला. थोरले साडेबाराऐवजी पावणेएकला यायचे आणि आल्यावर मेनू कार्ड वाचत बसायचे. इतकी वर्षं एकच जेवण जेवणारा माणूस मेनू कार्ड वाचतो म्हणजे काय? पण माझ्या डोक्यात काही शिरलं नाही. घडी विस्कटतेय एवढंच मला दिसत होतं. मी बडीशेप लवकर न्यायला लागलो. "आज इतक्यात?" असं एकदा मोठ्या मास्तरांनी विचारलं. मी म्हटलं, गर्दी आहे हो बाहेर. गर्दी होतीच, खोटं नव्हतं. पण मी त्यांना गर्दीसाठी उठवलं नव्हतं.

एकदा नऊ नंबरच्या खुर्चीवर मोठ्या मास्तरांची मोजपट्टी राहिली. कापडी, पिवळी पडलेली, टोकांना पितळेच्या पट्ट्या. त्यांच्या वडिलांची होती. दोघं एकत्र यायचे तेव्हा कधी ती एकाच्या गळ्यात असायची, कधी दुसऱ्याच्या. छोटे मास्तर दारातून आत येत होते. मी पट्टी झटकन उचलली, गुंडाळून खिशात टाकली आणि पुढच्या शनिवारी मोठ्या मास्तरांच्या हातात दिली. त्यांनी ती घेतली, उलगडली, परत गुंडाळली. म्हणाले, "तुझं लक्ष फार असतं, कॅप्टन." मी खूश झालो. ती ते विसरले होते की ठेवून गेले होते, हे आता मला कोण सांगणार?

यंदा मोठे मास्तर खंगले. शर्टाची कॉलर मानेभोवती सैल पडली. दुसऱ्याचं माप चुकू न देणाऱ्या माणसाचा स्वतःचा शर्ट त्याला मोठा व्हायला लागला. काठी आली. मी तब्येतीचं विचारलं तर म्हणाले, वयाचं काय, चालायचंच. जेवण नावाला उरलं होतं. अर्धी रोटी आणि दोन घास भात.

त्यांचा शेवटचा शनिवार मला मिनिटामिनिटानं आठवतो. पुढे कधी हे आठवू नये असं वाटेल, हे बघताना कुठे माहीत असतं. एक वाजता आले. काठी खुर्चीला टेकवली. वन बाय टू मागवलं. स्वतःच्या वाटीला हात लावला नाही, समोरची वाटी मात्र थोडी पुढे सरकवून सरळ केली. मी जवळ गेलो तेव्हा म्हणाले, "आज जरा बसतो रे." मी म्हटलं, बसा की. मनात म्हटलं, छोटे मास्तर आता वीस मिनिटांत येतील.

एक दहाला मी पाणी बंद केलं. एक बाराला आठ नंबर पुसलं. एक पंधराला बडीशेप नेऊन ठेवली. ते म्हणाले, "माझं जेवण व्हायचंय अजून." ताटात सगळं तसंच होतं. मी म्हटलं, सावकाश होऊ द्या, आणि वळून भिंतीशी गेलो. नऊ नंबरचा पंखा बंद केला.

त्यांनी वर पाहिलं. पाती थांबेपर्यंत बघत होते. मग घड्याळाकडे नाही, माझ्याकडे पाहिलं. रागावले नव्हते. रागावले असते तर बरं झालं असतं. काठी धरून उठले, आणि मी दार उघडून धरलं, कारण तेवढी रीत मला आहे. जाताना माझ्या दंडावर हात ठेवला आणि पायऱ्या उतरले. एक एकोणीस झाले होते. कोपऱ्यावरून उजवीकडे वळले. डाव्या रस्त्यानं एक तेवीसला छोटे मास्तर आले. चार मिनिटांनी वाचलो, असं आचाऱ्याला सांगून हसलोसुद्धा.

पुढचे दोन शनिवार मोठे मास्तर आले नाहीत. छोटे मास्तरही आले नाहीत. मी म्हटलं, योगायोग.

तिसऱ्या शनिवारी साडेबाराला छोटे मास्तर आले. दाढी वाढलेली, गळ्यात ती पिवळी मोजपट्टी. ती तर मोठ्या मास्तरांकडे असायची. ते मला न विचारता नऊ नंबरवर जाऊन बसले. भावाच्या नाही, स्वतःच्या जुन्या खुर्चीवर. मी पाणी घेऊन गेलो. ते म्हणाले, "दादा गेला. सतरा दिवस झाले, बुधवारी." एका गिऱ्हाइकाकडून त्यांना कळलं होतं. धावत गेले, तोवर सगळं आटोपत आलं होतं. वहिनींनी ही पट्टी हातात दिली, पण सांगण्यासारखं त्यांच्याकडे काही नव्हतं. सहा वर्षांत त्यांनी घरात तुमचं नाव काढलं नाही, एवढंच म्हणाल्या. घुमा माणूस, पहिल्यापासून तसाच.

मी उभा होतो. हातात पाण्याचा जग. ग्लास भरायचा राहिला होता.

छोटे मास्तर टेबलाकडे बघत बोलत होते. म्हणाले, की उठून सरळ त्याच्या दुकानात जायला हवं होतं, पण पाय निघाला नाही. चारचौघांत बोलला होता, तर चारचौघांत नुसतं "बस" म्हणाला असता तरी पुरे होतं. म्हणून इथं यायचो. एखाद्या दिवशी त्याला उशीर होईल, आपण जरा लवकर जाऊ, गाठ पडेल, असं वाटायचं. पण प्रत्येक वेळी तो निघून गेलेला असायचा. मग त्यांनी मान वर केली.

"कॅप्टन, तुम्ही दर शनिवारी बघत होतात. त्यानं कधी माझी वाट बघितली का हो? की मी यायच्या आत जायचं म्हणून जेवण उरकून पळायचा?"

सत्तावीस वर्षांत गिऱ्हाइकांच्या हजार प्रश्नांना मी ओठांवर तयार असलेली उत्तरं दिली आहेत. भाजी ताजी आहे का, किती वेळ लागेल, तिखट आहे का. याही प्रश्नाला एक सोपं उत्तर होतं. मला काय माहीत, मी कामात असतो, असं म्हणून मी स्वयंपाकघरात जाऊ शकत होतो. कोणी मला पकडलं नसतं. फक्त समोरचा माणूस उरलेलं आयुष्य असं समजत राहिला असता की भाऊ त्याला टाळून गेला. आणि खरं सांगितलं असतं तर त्याला कळलं असतं की टाळणारा भाऊ नव्हता, मी होतो. माझे पाय खरंच स्वयंपाकघराकडे वळले होते. दोन पावलं गेलोही.

मग परत आलो आणि सांगितलं. सगळं सांगितलं. दुसऱ्या वाटीचं, मेनू कार्डाचं, खिशात टाकलेल्या मोजपट्टीचं. "आज जरा बसतो रे" म्हणाले ते. पाणी, फडकं, बडीशेप, पंखा, सगळं क्रमानं. शेजारच्या टेबलावरच्या बाईंनी जेवण थांबवलं होतं.

"म्हणजे तो बसायचा," छोटे मास्तर म्हणाले.

"बसायचे."

"आणि तुम्ही उठवायचात."

"हो."

"कोणी सांगितलं होतं?"

मालकांचं नाव जिभेवर आलं होतं. पण मालकांनी तमाशा होऊ देऊ नको म्हटलं होतं. सहा वर्षं दर शनिवारी नवा उत्साह मी माझ्या पदरचा घातला होता. म्हटलं, "कोणी नाही. मला वाटलं, तुम्हाला तेच हवंय."

मी मान खाली घालून उभा होतो आणि कानाखाली बसेल तर बरं, असं वाटत होतं. त्यांनी विचारलं, शेवटच्या दिवशी तो किती वाजता उठला. मी सांगितलं, एक एकोणीस. त्यांनी गळ्यातली मोजपट्टी काढली, टेबलावर सरळ पसरली, आणि तिच्यावरून बोट फिरवत राहिले. मी एक तेवीसला आलो होतो ना, असं त्यांनी विचारलं. त्यांनाही माहीत होतं. म्हणजे तेही मिनिटं मोजत होते.

मी माफी मागितली. त्यांनी ती घेतलीही नाही आणि परतही केली नाही. म्हणाले, "सूप आणा. वन बाय टू."

मी स्वतः आत जाऊन घेऊन आलो. आचाऱ्याला सांगितलं, आज काही बोलू नको, आणि माझं तोंड बघून तो खरंच बोलला नाही. दोन वाट्या ठेवल्या. छोट्या मास्तरांनी त्या समोरासमोर धरून बघितल्या. जास्त भरलेली पलीकडच्या खुर्चीपुढे सरकवली आणि हात मांडीवर ठेवून बसले.

दीड वाजला. दारात रांग लागली. मालकांनी गल्ल्यावरून मान हलवली. मी न बघितल्यासारखं केलं. दोन वाजता मालकांनी पेनानं काउंटरवर टकटक केलं आणि बडीशेपेच्या वाटीकडे बोट दाखवलं. मी ती वाटी उचलली आणि फडताळात, सगळ्यात वरच्या खणात ठेवून दिली. मग नऊ नंबरवर जाऊन छोट्या मास्तरांचा ग्लास भरला. अडीचला परत भरला. दोघांचंही सूप केव्हाच गार झालं होतं. गरम करून आणू का, असं मी विचारलं, तेव्हा ते म्हणाले, "राहू द्या. येईल तो."

ते सव्वाचारपर्यंत बसले. मी भिंतीशी, पंख्याच्या बटणाला पाठ लावून उभा होतो.